शुशुनियाचा डोंगर आणि पायथ्याची गावे

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात कोलकाता येथे केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या उत्सवात मी एका डोंगराविषयी बोलणार आहे, आणि तोही सह्याद्रीतील नव्हे तर बांकुडा जिल्ह्यातील, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. संयोजकांनाही ते वाटले. "बाई, शाळेच्या आठवणी सांगा," असे त्यांनी मला सुचवले. मी त्यांना म्हटले, की ही शाळेचीच आठवण आहे. फक्त ती शाळेच्या भिंतींच्या आत घडलेली नाही.

मी या शाळेत भूगोल शिकवीत असे. एका वर्षी सातवीच्या मुलांना 'मला आवडणारा डोंगर' या विषयावर पानभर लिहावयास सांगितले. कोणी कळसूबाईवर लिहिले, कोणी रायगडावर, कोणी सिंहगडावर. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, ही संख्या सगळ्या वह्यांत बिनचूक होती. ती मीच फळ्यावर लिहून दिली होती. वह्या तपासताना माझ्या ध्यानात आले, की वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी डोंगर असा पाहिलेलाच नाही. गंगेच्या गाळाने घडलेल्या सपाट भूमीत त्यांचा जन्म झाला होता. पुलाचा चढ हाच त्यांचा घाट होता. एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे लिहिले होते, "मी डोंगर चित्रात पाहिला आहे. तो हिरवा असतो."

त्या वाक्याने मला लाज वाटली. आजोळच्या डोंगरांची नावे मुलांना पाठ असावीत, हा माझा आग्रह योग्यच होता. पण हावड्याहून गाडीत बसले तर चार-पाच तासांत पोहोचता येईल असा एक डोंगर आपल्या शेजारी आहे, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. सांगणार तरी कसे? तो मीही पाहिलेला नव्हता.

त्या हिवाळ्यात आम्ही शुशुनियाला गेलो.

आपल्यापैकी जे गेले नसतील त्यांच्यासाठी थोडे भौगोलिक वर्णन करते. खरगपूर ओलांडून गाडी आद्र्याच्या दिशेने निघाली, की हळूहळू जमिनीचा रंग पालटू लागतो. काळपट गाळाची जागा तांबडी, खडकाळ माती घेते. भाताची खाचरे तुटक होतात, मधून मधून सालाची राने दिसतात. विष्णुपूर मागे पडते, बांकुडा येते, त्यानंतर छातना. हा छोटानागपूरच्या पठाराचा पूर्वेकडील उंबरठा होय. येथे भूमी जणू वर उठावे की नाही याचा विचार करते आणि एका ठिकाणी एकाएकी उठते. तोच शुशुनिया. बांकुडा शहरापासून तो वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साडेचारशे मीटरही भरत नाही. आपल्या सह्याद्रीत त्याला कोणी डोंगरसुद्धा म्हटले नसते, टेकडी म्हणून सोडून दिले असते. पण भोवती सगळे सपाट असल्यामुळे तो दुरूनच नजरेत भरतो, आणि मैलोगणती गावांना दिशा दाखवतो. मोठेपणा हा पुष्कळदा शेजारावर अवलंबून असतो, हा भूगोलाचा पहिला धडा मुलांना त्या दिवशी पुस्तकाविना मिळाला.

डोंगराच्या पायथ्याशी एक झरा आहे. तेथे त्याला 'धारा' म्हणतात. दगडी मुखातून पाणी अखंड पडत असते, आणि त्या जागी एक प्राचीन पाषाणमूर्ती आहे, तिला लोक नरसिंह म्हणून पुजतात. बांकुडा हा दुष्काळाची ओळख असलेला जिल्हा. वैशाखात विहिरी तळ गाठतात. तेव्हाही ही धार चालू असते. आसपासच्या गावांतील माणसे कळशा, हंडे, हल्ली प्लास्टिकचे डबे घेऊन येथे येतात. चैत्राच्या सुमारास येथे वारुणीची जत्रा भरते आणि दूरदूरच्या खेड्यांतून लोक स्नानाला येतात. आमची मुले रांगेत उभी होती. नळाचे पाणी आणि डोंगराचे पाणी यांत काय फरक, असे एकाने विचारले. मी उत्तर शोधत असतानाच रांगेतील एक म्हातारी बंगालीत म्हणाली, "हे मागावे लागत नाही." भूगोलाच्या शिक्षिकेला याहून चांगले उत्तर सुचले नसते.

पायथ्याच्या शुशुनिया गावात शिरले, की छिन्नी-हातोडीचा आवाज ऐकू येतो. हे दगडावर काम करणाऱ्या कारागिरांचे गाव. पूर्वी येथे मुख्यतः संसाराच्या वस्तू घडत: ताटे, वाट्या, आणि ज्याला बंगालीत शिल-नोडा म्हणतात तो आपला पाटा-वरवंटा. आता देवदेवतांच्या मूर्ती आणि शोभेच्या वस्तू अधिक घडतात, कारण पाटा-वरवंट्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली आहे. आपल्याकडे पाथरवट टाकी लावतो तेव्हा त्याचे अंग जसे धुळीने पांढरे होते, तसेच येथेही दिसते. ती धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते. या धंद्याची किंमत कारागीर आपल्या श्वासाने चुकवतो.

जवळच भरतपूर नावाचे छोटे गाव आहे. तेथे चित्रकारांची, म्हणजे पटुआंची, काही घरे आहेत. कापडावर वा कागदावर चित्रांची उभी गुंडाळी रंगवायची, ती गावोगाव नेऊन उलगडायची आणि चित्रावर बोट ठेवून कथा गायची, हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. संथाळांच्या सृष्टिकथा ते रंगवतात. घरात कोणी वारले, तर त्या माणसाच्या चित्राला डोळे काढून देण्याची, म्हणजे 'चक्षुदाना'ची, रीतही त्यांच्याकडे आहे. डोळे मिळाल्याशिवाय मृताला परलोकीची वाट दिसत नाही, अशी समजूत. रंगांसाठी त्यांना आसपासचे रंगीत दगड, माती आणि पाने पुरतात. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींशी त्यांचे किती जवळचे नाते आहे, हे मी त्यांच्या अंगणात बसून मुलांना सांगितले. सावंतवाडीचे आणि बांकुड्याचे चित्रकार एकमेकांना कधी भेटले नसतील, पण चित्र दाखवीत कथा सांगण्याचे बळ दोघांनीही ओळखले आहे.

आता त्या डोंगराच्या अंगावरील एका लेखाविषयी सांगते, कारण आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

शुशुनियाच्या खडकावर एक चक्र कोरलेले आहे आणि त्याच्यापाशी ब्राह्मी लिपीत, संस्कृत भाषेत, दोन-तीन छोट्या ओळी आहेत. पश्चिम बंगालमधील हा सर्वांत जुना शिलालेख मानतात. काळ इसवी सनाचे चौथे शतक. पुष्करणाचा अधिपती महाराज सिंहवर्मा, त्याचा पुत्र महाराज चंद्रवर्मा, आणि तो चक्रस्वामीचा म्हणजे विष्णूचा भक्त, एवढाच त्याचा आशय. समुद्रगुप्ताने आर्यावर्तातील जे राजे समूळ उखडले, त्यांच्या यादीत प्रयागच्या स्तंभावर एका चंद्रवर्म्याचे नाव येते. तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जिंकणाऱ्याच्या स्तंभावर ज्याचे नाव केवळ पराभूत म्हणून उरले, त्याची स्वतःची ओळख या लहानशा डोंगराने जपून ठेवली.

पण हे पुष्करण कोठले? महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री हे फार मोठे पंडित. नेपाळच्या राजग्रंथालयातून चर्यापदांची पोथी त्यांनीच उजेडात आणली. त्यांनी पुष्करणाची ओळख राजस्थानातील पोकरणशी पटवली. पोकरण हे नाव आज आपल्याला १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे ठाऊक आहे. शब्द जुळत होता, आणि मारवाडच्या राजाने बंगालपर्यंत मजल मारली, ही कल्पनाही भव्य होती. तथापि शुशुनियाच्या ईशान्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, दामोदर नदीच्या दक्षिण तीरावर, एक खेडे आहे. त्याचे नाव पोखरणा. आजच्या बोलीत पाखन्ना. तेथे जुन्या मृण्मूर्ती आणि नाणी सापडली आहेत. लेखातील पुष्करण ते हेच, मारवाडात जाण्याचे कारण नाही, असे मत पुढे आले आणि तेच बहुतेकांनी स्वीकारले.

हे मत मांडणाऱ्यांत एक प्रमुख नाव आहे काशिनाथ नारायण दीक्षित यांचे. ते जन्मले १८८९ मध्ये, पंढरपुरात. मोहेंजोदडोच्या उत्खननात त्यांनी काम केले, बंगालमधील पहाडपूरचा भव्य विहार त्यांनी खणून काढला आणि १९३७ ते १९४४ या काळात ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. चंद्रभागेच्या काठचा हा मराठी माणूस दामोदरच्या काठचे एक खेडे दाखवतो आणि म्हणतो, राजधानी येथे होती. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर जे पाहिले, ते कळसूबाईच्या उंचीने कधी उमटले नव्हते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजा गेला, राज्य गेले, राजधानीच्या भिंती मातीत गेल्या. नाव मात्र टिकले, आणि ते टिकवले त्या खेड्यातील शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी, बाजाराला जाणाऱ्या बायकांनी. सोळाशे वर्षे ते तोंडातोंडी झिजत आले. पुष्करणाचे पोखरणा झाले, पोखरण्याचे पाखन्ना झाले. पण सुटले नाही. आपण कोलकात्यात रोज तळ्याला 'पुकुर' म्हणतो, तो शब्दही मूळच्या 'पुष्कर'चाच. महाराष्ट्रात 'पोखरी' नावाची कितीतरी गावे आहेत, आणि परभणी जिल्ह्यातील पोखर्णी तर नृसिंहाच्या मंदिरासाठीच प्रसिद्ध आहे. एका झिजलेल्या शब्दाचे धागे शुशुनियाच्या नरसिंहापासून मराठवाड्यापर्यंत असे जाऊन पोहोचतात. पंडितांची दृष्टी हजार मैलांवर गेली होती. उत्तर शेजारच्या खेड्याच्या नावात होते.

एक अवघड प्रसंगही सांगितला पाहिजे. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर चहाच्या टपरीवरील एक गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे बर्गीच्या देशाचे!" मुलांना अर्थ कळला नाही. मला कळला. बर्गी म्हणजे आपला 'बारगीर', सरकारी घोड्यावर लढणारा स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये पंचेतच्या वाटेने बंगालमध्ये उतरले. तो मुलूख शुशुनियापासून फार दूर नाही. पुढे १७५१ च्या तहापर्यंत या भागाने ज्या स्वाऱ्या सोसल्या, त्यांचे वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात केले आहे. बर्गीच्या नावाने मुलांना झोपवण्याची रीत बंगालच्या घरांत अजून आहे. विष्णुपूरला 'दलमादल' ही प्रचंड तोफ आहे. ग्रामदेव मदनमोहनाने स्वतः ती डागून मराठ्यांना हुसकावले, अशी तेथील लोकांची श्रद्धा. आपल्या पाठ्यपुस्तकात अटकेपार झेंडे होते. बांकुड्यातील माणसाच्या स्मृतीत जळालेली गावे होती.

गाडीत मुलांनी विचारले, "बाई, आपण वाईट होतो का?" मी म्हटले, "सैन्ये आली आणि गेली. त्यांनी केलेले आपण नाकारू नये. पण याच मुलखात पुढे पंढरपूरचा एक माणूस आला, तो त्यांच्या मातीत हरवलेले गाव शोधून देण्यासाठी. आपण कोणाच्या मागून चालायचे, हे आपले आपण ठरवायचे." आजही मला दुसरे उत्तर सुचत नाही.

शुशुनियाच्या आजच्या स्थितीविषयी न बोलता हा विषय संपवणे योग्य होणार नाही. कोलकात्यातील गिर्यारोहण संस्था कित्येक दशके हिवाळ्यात येथे शिबिरे भरवतात. पुढे हिमालयात गेलेल्या पुष्कळ बंगाली गिर्यारोहकांनी कमरेला पहिला दोर येथेच बांधला. सहलींची गर्दी तर विचारूच नका. तिच्यामागे उरतात पत्रावळी, बाटल्या आणि ध्वनिक्षेपकांचा गोंगाट. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या पाल्याला आग लागते. तेव्हा वनखात्याच्या माणसांबरोबर पायथ्याचे गावकरीही हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला धावतात. वणवा पुष्कळदा माणसाच्या निष्काळजीपणातून पेटतो. विझवणारे हात मात्र गावाचे असतात.

त्याहून कठीण प्रश्न कारागिरांचा आहे. डोंगर वाचावा म्हणून तेथील दगड काढण्यावर निर्बंध आले. ते यायलाच हवे होते. डोंगर संपला तर झराही संपेल. पण ज्यांची छिन्नी पिढ्यान्‌पिढ्या त्याच दगडावर चालली, त्यांना आता दगड बाहेरून विकत आणावा लागतो. एका कारागिराने मला सांगितले, "डोंगर दारात आहे आणि दगड ट्रकने येतो." त्याच्या स्वरात तक्रार कमी आणि अचंबा अधिक होता. डोंगर राखायचा आणि त्याच्या आधाराने जगणारा माणूसही राखायचा, या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधाव्यात, याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण यांपैकी एकच अर्धा भाग शिकवणारा भूगोल अपुरा आहे, एवढे मला त्या दिवसापासून कळते.

जपानी भाषेत यासाठी एक शब्द आहे, 'सातोयामा'. 'सातो' म्हणजे वस्तीचे गाव आणि 'यामा' म्हणजे डोंगर. गावाशेजारचा लहान डोंगर, त्यावरील जळणाचे रान, खाली झरे आणि भातखाचरे, हे सगळे मिळून एकच वस्तू आहे, अशी ती कल्पना. तेथील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावरून सरपण, कोळसा आणि खतासाठी पालापाचोळा आणीत, आणि त्या जाण्यायेण्यातूनच रानाची निगा राखली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर गॅस आणि तेल आले, शेतात रासायनिक खते आली, तरुण मंडळी शहरांत गेली. कोणी डोंगर तोडला नाही. कोणी त्याच्याकडे जाईनासे झाले, एवढेच. पायवाटा बुजल्या, रान माजले, आणि मग राष्ट्राला जाग आली. २०१० मध्ये नागोया येथे जैवविविधतेची जागतिक परिषद भरली, तेव्हा अशा भूप्रदेशांच्या रक्षणाचा उपक्रम जपानने जगापुढे ठेवला. अतिवापराने डोंगर मरतो हे आपण जाणतो. वापर थांबल्यानेही तो परका होतो, हे जपानच्या खेड्यांनी शिकवले.

भाषेचेही असेच आहे, हे या सभागृहात निराळे सांगण्याची गरज नाही.

पालकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना विचारले आहे, "मराठी माध्यमात घातले तर मूल मागे तर नाही ना पडणार? आणि तेही बंगालमध्ये?" हा प्रश्न रास्त आहे. पटावरील संख्या पाहून तो आम्हालाही रात्री छळत असे. मी आपणांस बक्षिसांची हमी कधी दिली नाही, आजही देत नाही. परंतु 'पाखन्ना' या शब्दात 'पुष्करण' ऐकू येण्यासाठी कान तयार असावा लागतो. तो कान आधी घरच्या भाषेत तयार होतो, मग शेजाऱ्याच्या भाषेत, आणि त्यानंतर त्याला जगातील कोणतीही भाषा जड जात नाही. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर बंगाली, गाडीत हिंदी आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी बोलत मोठी झाली. ती मागे पडली का, हे आज समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे पाहून आपणच ठरवावे.

आपली शाळाही उंचीने शुशुनियासारखीच आहे. मोठ्या संस्थांच्या रांगेत तिला कोणी मोजणार नाही. पण देहूजवळचा भंडारा डोंगर तरी किती उंच आहे? तुकोबा तेथे जाऊन बसत, म्हणून तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. लहान डोंगर कोणी चढत राहिले, त्याचे पाणी कोणी पीत राहिले, त्याचे नाव कोणी घेत राहिले, तर टिकतो.

म्हणून या मंगल प्रसंगी मी एकच मागणे मागते. दरवर्षी सातवीच्या वर्गाला शुशुनियाला न्या. मुलांना झऱ्याचे पाणी पिऊ द्या, कारागिराच्या अंगणात बसू द्या, भरतपूरची चित्रे आणि खडकावरील चक्र पाहू द्या. परत आल्यावर त्यांना एक पान लिहू द्या, आणि ती पाने शाळेत जपून ठेवा. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी गाडीभाड्याची सोय करावी. एवढे ऋण आपल्या सर्वांकडून शाळेला येणे आहे.

त्या मुलीने सहलीनंतर निबंध पुन्हा लिहून आणला होता. तिने लिहिले, "डोंगर हिरवा नसतो. हिवाळ्यात तो तपकिरी असतो, आणि त्याला हात लावला तर सकाळी गार व दुपारी गरम लागतो." मी त्या पानाला पूर्ण गुण दिले. शिक्षिका म्हणून मी दिलेले ते बहुधा सर्वांत योग्य गुण होते.